सापांच्या अंड्यांसाठी भरवशाचा इनक्युबेटर कोणता घ्यावा? (विदर्भातला उन्हाळा धरून सांगा)

बोरकाठ
नमस्कार मंडळी. मी वर्धा जिल्ह्यात सर्पमित्र म्हणून काम करतो. आमची चार-पाच जणांची टीम वनविभागाच्या उपचार केंद्राला मदत करते. उन्हाळा लागला की आमच्याकडे अंडी यायला लागतात. कधी पाया खणताना जेसीबीच्या बकेटखाली बीळ फुटतं आणि अंड्यांचा घोस उघडा पडतो. कधी पकडलेली नागीण पोत्यातच अंडी घालून मोकळी होते. पंचनामा होतो आणि अंडी केंद्रात येतात.

आजवर आम्ही प्लास्टिकच्या डब्यात ओलसर माती घालून, वर गोणपाट टाकून अंडी कोपऱ्यात ठेवत आलो. एखादा घोस पूर्ण फुटतो, एखाद्यातली निम्मी अंडी सडतात. का, ते कळत नाही. यंदा गावातल्या एका दात्याने यासाठी २० हजार रुपये दिलेत आणि केंद्राच्या साहेबांनीही परवानगी दिली आहे. एकच यंत्र घ्यायचं, पण ते दहा वर्षं टिकलं पाहिजे.

ऑनलाइन शोधलं तर कोंबडीच्या अंड्यांची यंत्रं दिसतात नाहीतर परदेशी महागडी. केंद्राची खोली पत्र्याची आहे, मे महिन्यात दुपारी आत ४२-४३ अंश होतं. वीज दिवसातून एकदा तरी जातेच. अशा ठिकाणी काय घ्यावं? स्वतः वापरलेल्यांनी सांगितलं तर फार मदत होईल.

अंडीवाले_पाटील
दादा, चांगलं काम करताय. आमची सांगलीकडे देशी कोंबडीची हॅचरी आहे. १०० अंड्यांचं फुल ऑटोमॅटिक मशीन तुमच्या बजेटमध्ये आरामात बसेल. अंडी आपोआप फिरतात, आर्द्रता दिसते, अलार्म असतो. ३७.५ ला सेट करा आणि निवांत राहा. लोकल बनावटीचं घ्या म्हणजे पार्ट मिळतात.

इझारकाठ
@पाटील, थांबा थांबा! ३७.५ ला सापाची अंडी चार-दोन दिवसांत मरतील.

मी म्युनिकला राहतो. बरीच वर्षं लेपर्ड गेको (पालीची एक जात) आणि कॉर्न स्नेक (बिनविषारी साप) पाळतो, पिल्लंही काढतो (इथे रीतसर चालतं). कॉर्न स्नेकची अंडी २७ ते २९ अंशांत ठेवतात, साधारण दोन महिन्यांत फुटतात. बॉल पायथनला ३१-३२ लागतं. तुमच्याकडचे नाग, धामण, पाणदिवड यांनाही २८ ते ३० ठेवलंत तर सुरक्षित. ३२ च्या वर सतत राहिलं की पाठीचा कणा वाकडा झालेली पिल्लं निघतात, त्याहून वर गेलं की काहीच निघत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फिरवायची नाहीत. कोंबडीच्या अंड्यात बलक दोन्ही बाजूंनी पीळदार दोऱ्यांनी धरलेला असतो, अंडं फिरलं तरी गर्भ वरच राहतो. सापाच्या, कासवाच्या अंड्यात तशी सोय नाही. घातल्यावर साधारण दिवसभरात गर्भ वरच्या कवचाला आतून चिकटतो. नंतर अंडं उलटं झालं तर गर्भाची जागा बिघडते आणि तो मरू शकतो. म्हणून अंडी उचलण्याआधी मऊ पेन्सिलीने वरच्या बाजूला खूण करा आणि ती खूण शेवटपर्यंत वरच ठेवा. एकमेकांना चिकटलेली अंडी सोडवू नका, घोस आहे तसाच ठेवा.

तुमची निम्मी अंडी का सडतात याचं एक कारण इथे असू शकेल. जेसीबीतून पोत्यात, पोत्यातून डब्यात, असा प्रवास होताना ती किती वेळा उलटतात ते बघा.

अंडीवाले_पाटील
इझारकाठ, नवीन माहिती मिळाली, आभार. आमच्याकडे तासाला एकदा ट्रे फिरला नाही तर उबवणी पडते, तुमच्याकडे फिरला तर पडते! तरी माझा मुद्दा सोडत नाही. ट्रे फिरवणारी मोटर काढून टाकता येते, चार स्क्रू असतात. पेटी चांगली इन्सुलेटेड असते. तापमान २९ ला सेट केलं की झालं ना?

सोल्डरगन
नाही झालं पाटीलसाहेब. कारण धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे: खोली ४२ अंश.

कोंबडीच्या यंत्रात फक्त हीटर असतो. २९ ला सेट केलं तर बाहेर ४२ असताना ते यंत्र काय करणार? हीटर बंद करणार, एवढंच. आत हळूहळू ४० होणार आणि डिस्प्लेवर ४० दिसत राहणार. वर्ध्याला एप्रिल-मेमध्ये गरम करणारं यंत्र लागतच नाही, थंड ठेवणारं लागतं. ऑनलाइन मिळणारी बहुतेक माहिती थंड देशांतली आहे, तिथे प्रश्नच उलटा असतो.

माझा धंदा कंट्रोल पॅनेलचा आहे, त्यामुळे थर्मोस्टॅटवर थोडं लांबण लावतो.

यंत्र भरवशाचं आहे का, हे ते चालू असताना काय करतं यावरून ठरवू नका. बिघडल्यावर काय करतं ते विचारा. स्वस्त थर्मोस्टॅटमध्ये रिले, म्हणजे हीटरची वीज चालू-बंद करणारा स्विच असतो. हजारो वेळा चालू-बंद होऊन त्याचे कॉन्टॅक्ट चिकटतात आणि हीटर कायम चालू राहतो. सॉलिड स्टेट रिले घेतला तर तोही खराब होताना बहुतेक वेळा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो. माझ्या ओळखीच्या एका अभ्यासकाकडे असंच झालं होतं. रात्रीत पेटी ४५ वर गेली, सकाळी सगळी अंडी उकडलेली.

यावर दोन उपाय आहेत. हीटरच्या मार्गात दुसरा, वेगळ्या सेन्सरचा थर्मोस्टॅट बसवायचा आणि तो पहिल्यापेक्षा दीड-दोन अंश वर लावायचा. पहिला चिकटला तर दुसरा वीज तोडेल. आणि हीटर मुळातच इतका लहान घ्यायचा की तो कायम चालू राहिला तरी पेटी फार तापणार नाही. थर्माकोलच्या पेटीला १०-१५ वॅट पुष्कळ होतात. लोक १०० वॅटचा बल्ब लावतात, तिथे घात होतो.

सेन्सरबद्दल: डिस्प्लेवर २९.४ असं दशांशात दिसतं म्हणून ते खरं मानू नका. स्वस्त मॉड्यूलमध्ये एक अंशाची चूक सहज असते. सेन्सर पातळ पिशवीत घालून फोडलेल्या बर्फाच्या आणि पाण्याच्या गच्च मिश्रणात दहा मिनिटं ठेवा, शून्य दाखवायला हवा. मग कोमट पाण्यात तोच सेन्सर आणि ताप मोजायचं चांगलं थर्मामीटर शेजारी धरून ३६-३७ ला ताडून बघा. जो फरक येईल तो चिठ्ठीवर लिहून पेटीला चिकटवा.

पायरीवरची
मला सापांची प्रचंड भीती वाटते, तरी इथवर वाचत आले. एक प्रश्न: नागाचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा विषारी असतं का? आणि ते पेटीतून बाहेर आलं तर?

बोरकाठ
ताई, अगदी योग्य प्रश्न. हो, अंड्यातून डोकं काढल्यापासून विषारी. फणाही काढतं. साधारण वीतभर किंवा थोडं जास्त, पेन्सिलीएवढं जाड. म्हणून आम्ही डब्याच्या झाकणाला टाचणीनेच भोकं पाडतो आणि झाकण क्लिपने बंद करतो. पाणदिवडीची पिल्लं तर त्याहून बारीक, जराशा फटीतून निघून जातात.

@सोल्डरगन, तुमची पोस्ट आमच्या ग्रुपवर टाकली आहे. थंड ठेवण्याचा विचार आम्ही केलाच नव्हता.

सोल्डरगन
भोकांचा मुद्दा यंत्र निवडतानाही लक्षात ठेवा. पंखा आणि हवेच्या झरोक्यांना बारीक स्टीलची जाळी आतून बसवून घ्या. अंडी नेहमी झाकणाच्या डब्यात आणि डबा यंत्रात. उघड्या ट्रेवर कधीच नाही.

वकिली_भाषा
विषयाला धरून कायद्याचं सांगतो, कारण हा धागा वाचून कोणी घरी प्रयोग करू नये.

वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येतच पिल्लं आणि अंडी येतात. ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांचं नुकसान करणं, अंडी किंवा घरटं विचलित करणं हेही येतं. म्हणजे शेतात सापडलेली अंडी ‘वाचवायला’ घरी नेली तरी हेतू बघितला जाईलच असं नाही. बोरकाठ यांचं काम केंद्रात, पंचनाम्यानिशी आणि परवानगीने चाललंय, ते ठीक. यंत्रही केंद्राच्याच साठा नोंदवहीत चढवा, स्वतःच्या नावावर किंवा घरी ठेवू नका. किती अंडी आली, कुठून आली, किती फुटली, पिल्लं कुठे सोडली, याचं रजिस्टर ठेवा. सर्पमित्रांवर उद्या काही बालंट आलं तर हेच रजिस्टर कामी येतं.

माळरान
मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नये.

यंत्र आलं की ते भरायची घाई होते. आज जेसीबीखाली आलेली अंडी येतील, उद्या कोणी फोन करेल की गोठ्यामागे अंडी दिसली, आणि तीही केंद्रात येतील. नागीण अंड्यांपाशी थांबते, राखण करते. अजगराची मादी तर अंड्यांभोवती वेटोळं घालते आणि अंग थरथरवून ऊब देते. घोरपड कित्येकदा वारुळात अंडी घालते, तिथे आतलं तापमान आणि ओल बाहेरच्या मानाने खूप स्थिर असते. या माद्यांनी जागा निवडलेली असते. त्या जागेला काहीही धोका नसताना आपण अंडी उचलून यंत्रात घालायची, हे संवर्धन नाही.

शिवाय माझा अनुभव असा की फुटलेलं बीळ त्याच दिवशी थोडं दुरुस्त करून, वर फरशी आणि माती टाकून शेतकऱ्याला समजावलं, तर पुष्कळदा काम भागतं. दोन महिन्यांचा प्रश्न असतो.

बोरकाठ
माळरान सर, राग कसला. तुमचं पटतं, आणि आमचा नियमही तोच आहे: जागा वाचत असेल तर अंड्यांना हात लावायचा नाही. पण घराचा पाया खणतात तिथे दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडतं. आणि नागाचं बीळ अंगणाला लागून असेल तर ‘दोन महिने थांबा’ हे लेकरं असलेल्या घराला मी सांगू शकत नाही. मग लोक रॉकेल ओततात. पोत्यात घातलेल्या अंड्यांना तर परत जायला जागाच नसते. यंत्र फक्त या तीन वेळांसाठी.

माळरान
मग माझी हरकत नाही. हे तीन निकष केंद्राच्या भिंतीवर लिहून लावा. तुम्ही बदलून गेलात तरी पुढच्या माणसाला कळतील.

केवड्याचं_बन
कोकणातून लिहितेय. आमच्याकडे ऑलिव्ह रिडले कासवांची हॅचरी असते, त्यात काही मोसम काम केलं आहे. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून हे काम उभं केलं, नंतर अंजर्ले, गुहागर असं किनाऱ्यावर पसरलं. आमचं यंत्र म्हणजे वाळू. मादीने खणलेल्या घरट्याएवढाच, साधारण दीड फूट खोल खड्डा कुंपणाच्या आत करायचा, त्याच आकाराचा, आणि अंडी त्यात अलगद ठेवायची. ४५ ते ६० दिवसांत पिल्लं वर येतात.

हे सांगायचं कारण, इझारकाठ म्हणतात ते आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. मादी अंडी घालून गेली की काही तासांच्या आत ती हलवायची. उशीर झाला तर न हलवलेली बरी. हलवताना टोपलीत खाली घरट्यातलीच ओली वाळू घालतात, हादरे बसू देत नाहीत. मोटरसायकलवर तर अजिबात नाही, चालत न्यायची.

बोरकाठ, तुमच्याकडे पहिला खर्च यंत्रावर नको. एक चांगली, खाली जाड स्पंज आणि ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असलेली पेटी करा आणि ती गाडीत कायम ठेवा. अंडी केंद्रात पोचेपर्यंतच बिघडली तर पुढे कितीही महाग यंत्र असो.

इझारकाठ
केवड्याचं बन यांना +१००.

कासवांवरून आठवलं. कासवात तापमानावर नर-मादी ठरतं, उष्ण वाळूत माद्या जास्त. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातली हिरवी कासवं तपासली तेव्हा लहान कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या, तो अभ्यास २०१८ चा. माझ्या गेकोंचंही तसंच, फक्त जरा विचित्र: २६-२७ ला बहुतेक माद्या, ३२ च्या आसपास बहुतेक नर, आणि ३४ च्या पुढे पुन्हा माद्या. त्यामुळे इथले लोक अर्ध्या अंशासाठीही भांडतात. इथे जर्मनीतल्या हाम गावात वर्षातून चारदा सरपटणाऱ्या प्राण्यांची मोठी बाजारपेठ भरते, तिथे इनक्युबेटरच्या स्टॉलवर ही भांडणं ऐकत दुपार जाते.

पायरीवरची
अय्या! म्हणजे सापांचंही असं? केंद्राच्या साहेबांनी बटण फिरवलं की सगळ्या नागिणीच!

इझारकाठ
नाही ताई, सापांत नर-मादी गुणसूत्रांवर ठरतं, पक्ष्यांसारखं. तापमानाने त्यात फरक पडत नाही. मगरीत मात्र पडतो: आपल्या मगरीत ३२.५ च्या आसपास नर जास्त, ३१ च्या खाली माद्या. मद्रास क्रोकोडाइल बँक या मगरींच्या संवर्धन केंद्रात यावर बरंच काम झालंय. घोरपडीत आणि सापांत हा प्रश्न नाही, त्यामुळे बोरकाठना अर्ध्या अंशाची चिंता नको. २७ ते ३१ मध्ये कुठेही राहिलं तरी चालेल. त्यांना हवी आहे ती फक्त वरची मर्यादा न ओलांडणारी पेटी.

सोल्डरगन
हे वाक्य फार कामाचं आहे. निवडीचा निकषच बदलला. अचूकता कमी चालेल, पण उष्णतेचं कुंपण पक्कं हवं.

थंड करायला दोन रस्ते. पेल्टियर चिप असलेल्या छोट्या पेट्या मिळतात, गरम-थंड दोन्ही करतात, आवाज नाही. पण ती चिप आतली उष्णता बाहेर फेकते, आणि बाहेरच ४३ असेल तर दमते. मोठ्या पेटीत बाहेरच्यापेक्षा दहा-बारा अंश खाली गेलं तरी खूप. म्हणजे ३१-३२, अगदी काठावर. पंख्यात धूळ बसली की तेही गेलं.

दुसरा रस्ता कॉम्प्रेसर. हॉटेलातला जुना मिनी फ्रिज घ्यायचा, आतला थर्मोस्टॅट बाजूला ठेवून गरम-थंड दोन्ही रिले असलेला कंट्रोलर लावायचा, आत १५ वॅटचा हीटर. कंट्रोलरमध्ये कॉम्प्रेसरला काही मिनिटांची विश्रांती देणारी सेटिंग असते, ती चालू ठेवायची. सात-आठ हजारांत होईल.

प्रयोगशाळा_सहायक
इतका वेळ वाचतेय, आता राहवत नाही. तुम्ही जे बनवायला निघालात ते तयार मिळतं आणि ते प्रत्येक जिल्ह्यात आधीच आहे. बीओडी इनक्युबेटर (बीओडी म्हणजे बायोकेमिकल ऑक्सिजन डिमांड, सांडपाण्याची एक तपासणी).

मी एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. सांडपाण्याची तपासणी करताना नमुना ठरावीक तापमानाला काही दिवस ठेवावा लागतो. जुन्या पद्धतीत २० अंशाला ५ दिवस, आपल्या भारतीय मानकात २७ अंशाला ३ दिवस. आता नागपुरात मे महिन्यात २७ अंश ठेवायचे म्हणजे थंड करायलाच हवं. म्हणून या यंत्रात कॉम्प्रेसर आणि हीटर दोन्ही असतात, साधारण ५ पासून ५० अंशांपर्यंत. आत पंखा, जाड इन्सुलेशन, बऱ्याच मॉडेलना जास्त तापमानाला वीज तोडणारा वेगळा थर्मोस्टॅट. दिसायला लहान फ्रिज. मधला काचेचा दरवाजा असतो, त्यामुळे आतली हवा न सोडता बघता येतं.

नवं घ्यायचं तर तुमच्या बजेटच्या दुप्पट-तिप्पट जाईल. पण महाविद्यालयं, साखर कारखान्यांच्या लॅब, जलशुद्धीकरण केंद्रं जुनी यंत्रं निर्लेखित करतात, म्हणजे वापरातून काढून टाकतात. गॅस भरून, कंट्रोलर बदलून ती पुन्हा पुष्कळ वर्षं चालतात. बनावट बहुतेक अंबाल्याची असते, रचना साधी, फ्रिजवाला मेकॅनिकही दुरुस्त करतो.

एक सावधगिरी: आतला पंखा हवा कोरडी करतो. नमुन्याच्या बाटल्या बंद असतात म्हणून आम्हाला फरक पडत नाही, अंड्यांना पडेल.

अंडीवाले_पाटील
मॅडम, हे जबरदस्त! मशीनवाला मी, आणि हे नाव पहिल्यांदा ऐकलं. दादा, आता माझं मशीन रद्द समजा.

सोल्डरगन
मीही माझा मिनी फ्रिज मागे घेतो. बीओडी मिळालं तर तेच घ्या. जुनं घेताना तीन गोष्टी बघा. रिकामं चालवून २९ ला लावा आणि दुपारी, केंद्राच्याच पत्र्याच्या खोलीत, दोन दिवस बघा. दाराचं रबर कागदाची पट्टी अडकवून तपासा, पट्टी सहज सुटली तर रबर बदला. आणि वरच्या, मधल्या, खालच्या कप्प्यात वेगवेगळे थर्मामीटर ठेवून फरक मोजा. दीड अंशापेक्षा जास्त फरक असेल तर पंखा साफ करा. तरीही राहिला तर अंडी फक्त मधल्या कप्प्यात.

जास्त तापमानाचं कट-ऑफ ३२ ला लावा. मात्र एक ध्यानात घ्या, ते हीटर तोडतं. कॉम्प्रेसर बंद पडला तर खोलीची उष्णता आत येणारच. म्हणून मोबाइलवर मेसेज पाठवणारा वेगळा तापमान अलार्म हवा.

गच्चीबाग
कोरड्या हवेवर माझ्याकडे उत्तर आहे. व्हर्मिक्युलाइट, म्हणजे भाजून फुगवलेलं हलकं खनिज! गच्चीवर बिया रुजवायला आम्ही तेच वापरतो, कोणत्याही मोठ्या नर्सरीत किलोवर मिळतं. पाणी धरून ठेवतं, सडत नाही, बुरशीला खायला त्यात काही नसतं. मातीत आणि गोणपाटात मात्र बुरशीला हवं ते सगळं असतं. सापाच्या अंड्यांना किती पाणी लागतं ते इझारकाठ सांगतील.

इझारकाठ
वजनाला वजन. १०० ग्रॅम व्हर्मिक्युलाइटला १०० ग्रॅम पाणी, शक्यतो उकळून गार केलेलं. मुठीत दाबलं तर ढेकूळ बनावं पण थेंब गळू नये. अंडी निम्मी रुतवून ठेवायची, वरचा भाग उघडा. सापाचं कवच चामड्यासारखं असतं, ते सभोवतालचं पाणी ओढून घेतं, अंडं हळूहळू फुगतं आणि जडही होतं.

पाणी कमी झालं का ते डोळ्यांनी ठरवू नका. अंडी ठेवली त्या दिवशी आख्ख्या डब्याचं वजन करा आणि झाकणावर लिहा. आठवड्याने पुन्हा वजन. जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढं पाणी कडेने घाला, अंड्यांवर नाही. डबा बंद असल्यामुळे यंत्रातला पंखा कोरडा वारा सोडत असला तरी फरक पडत नाही, आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा बदलली की पुरे.

सुरुवातीला अंड्यांना खळगे पडले तर डबा कोरडा आहे. शेवटच्या आठवड्या-दोन आठवड्यांत पडले तर घाबरू नका, फुटायची वेळ जवळ आली. पिवळी पडलेली, बुरशी धरलेली अंडी बहुतेक मेलेली किंवा न फळलेली असतात. अंधारात टॉर्च लावून बघा, लाल शिरा दिसल्या तर जिवंत. मेलेलं अंडं घोसाला चिकटलेलं असेल तर ओढू नका, शेजारची जिवंत अंडी सहसा तग धरतात.

माळरान
एक शंका. सतत २९ अंश ठेवणं नैसर्गिक आहे का? बाहेर दिवस-रात्र तापमान बदलतं. मादी थर्मोस्टॅट लावत नाही.

इझारकाठ
मादी खोली निवडते ना. तीन-चार फूट खोल उंदराच्या बिळात दिवस-रात्रीचा फरक फारच थोडा पोचतो. तुम्हीच वर वारुळाबद्दल लिहिलंय. एखाद-दोन अंश खालीवर झालं तर काही बिघडत नाही.

माळरान
मान्य. मग वीज गेल्यावर काय, हाच मुद्दा उरतो.

प्रयोगशाळा_सहायक
बीओडीच्या खालच्या कप्प्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा, जितक्या मावतील तितक्या. आम्ही तेच करतो. दार उघडलं नाही तर दोन-तीन तास तापमान फारसं हलत नाही. वीज गेली की आधी दार उघडून बघायचा मोह होतो, तो आवरायचा.

सोल्डरगन
थंडीत वीज गेली तर चिंता नको. गारव्याने वाढ मंदावते, फुटायला उशीर होतो, एवढंच. उन्हाळ्यात गेली तर मात्र घड्याळ सुरू. घरगुती इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर सुरू होताना धक्का बसतो, त्यामुळे इन्व्हर्टर फ्रिज उचलणारा आहे का ते विचारून घ्या. आणि सगळ्यात स्वस्त उपाय: यंत्र पत्र्याच्या खोलीत नकोच. केंद्रात विटांची, उत्तरेकडची एखादी खोली असेल तिथे हलवा.

पायरीवरची
आणि विदर्भ आहे तर कूलर असेलच की! कूलरच्या खोलीत ठेवा.

बोरकाठ
ताई, तुमचीच सूचना आमच्या साहेबांनीही केली! स्टोअर रूम विटांची आहे, तिथे कूलर बसवता येईल. कूलर चालू असताना ३१-३२ च्या वर जात नाही.

सगळ्यांचा सल्ला धरून आज केंद्रात बसून ठरवलं ते लिहितो. प्रवासाची पेटी पहिली. ती या आठवड्यात तयार होईल, एक केंद्राच्या गाडीत आणि एक माझ्याकडे. कोंबडीचं यंत्र नाही. जिल्ह्यातल्या दोन महाविद्यालयांना केंद्रामार्फत पत्र गेलं आहे. एकीकडे निर्लेखनात निघालेलं बीओडी आहे, कॉम्प्रेसर ठीक आहे, कंट्रोलर गेलाय. मिळालं तर कंट्रोलर, कट-ऑफ आणि अलार्म यांतच पैसे घालायचे. नाही मिळालं तर सोल्डरगन यांचा मिनी फ्रिज. उरलेल्या पैशांत व्हर्मिक्युलाइट, अर्ध्या ग्रॅमचाही फरक दाखवणारा काटा आणि डबे.

एक विचारायचं राहिलं. पिल्लू अंडं चिरतं आणि डोकं बाहेर काढून तसंच बसून राहतं. आमच्यातले काही जण कात्रीने अंडं मोठं कापतात. बरोबर आहे का?

इझारकाठ
अजिबात नको. डोकं बाहेर काढून ते दिवस-दोन दिवस आत बसतं, त्या वेळात उरलेला बलक पोटात ओढून घेतं. तेव्हा ओढलंत तर बलकाची पिशवी बाहेर राहते. त्या बलकावर पिल्लाचे पहिले काही दिवस जातात, म्हणून केंद्रात त्यांना खाऊ घालायची गरजही पडत नाही.

माळरान
आणि सगळी एकाच ठिकाणी ओतू नका. जिथून अंडी आली त्याच परिसरात, वस्तीपासून दूर, वेगवेगळ्या बांधांवर सोडा. नागाची अंडी मेच्या आसपासची असली तर पिल्लं पावसाळा लागल्यावर निघतात, तेव्हा बेडकांची पिल्लं मुबलक असतात. यंत्रात ३१-३२ ठेवून घाई केलीत तर कोरड्या रानात सोडावी लागतील. म्हणून माझं मत २८.

बोरकाठ
हे कधी सुचलंच नसतं सर. २८ ठेवू.

प्रयोगशाळा_सहायक
शेवटचं एक, लॅबमधल्या अनुभवावरून. यंत्राचं सगळ्यात मोठं बिघाडस्थान म्हणजे भिंतीवरचं बटण. संध्याकाळी कुलूप लावणारा माणूस सवयीने सगळी बटणं बंद करतो, दिवाळीच्या सुट्टीत तर हमखास. यंत्राला बटणाशिवाय थेट एमसीबीवरून (मेन बोर्डावरच्या ट्रिप स्विचवरून) जोडणी घ्या आणि त्या एमसीबीवर पट्टी चिकटवा.

बोरकाठ
वायरमन उद्या येतोय, त्याच्या यादीत हे टाकलं. महाविद्यालयाकडून उत्तर आलं की याच धाग्यावर यंत्राचे फोटो आणि तिन्ही कप्प्यांची मोजमापं टाकतो.